तासाला दोन विमाने कमी: मुंबई विमानतळाचे २०२४ चे प्रकरण

२ जानेवारी २०२४ रोजी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढली. गर्दीच्या वेळांत धावपट्टीवरच्या हालचाली तासाला ४६ वरून ४४ वर आणायच्या, बाकीच्या वेळेत ४४ वरून ४२ वर. हालचाल म्हणजे एक उड्डाण किंवा एक उतरणे. खासगी आणि चार्टर विमानांवर दिवसाला ४ तास बंदी होती, ती ८ तासांची झाली. फेब्रुवारीच्या मध्यावर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने पत्रक काढून कारणे जाहीर केली. विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. गर्दीच्या वेळाही पत्रकात दिल्या होत्या: सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. एकूण आठ तास.

तासाला दोनच विमाने कमी करून तासभराच्या घिरट्या कशा थांबणार, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. दिवसाचे वीस कामाचे तास धरले तर चाळीस हालचाली कमी होतात. या विमानतळाने ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या गर्दीत, २४ तासांत १,०३२ हालचालींचा विक्रम केला होता. त्यापुढे ही कपात चार टक्केही नाही. पण विलंब हालचालींच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. क्षमतेच्या काठावर आल्यावर तो एकदम उसळतो, आणि मुंबई त्या काठावरच उभी होती.

दोन धावपट्ट्या, पण वापरायला एकच

मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत. मुख्य ०९/२७ सुमारे ३,४५० मीटरची आणि दुय्यम १४/३२ सुमारे २,८७० मीटरची. दोन्ही एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही. व्यवहारात वेळापत्रक एकाच धावपट्टीचे बनते, आणि ती बहुतेक दिवस २७, म्हणजे मुख्य धावपट्टी पश्चिमेच्या दिशेने वापरलेली, असते. विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि समुद्राच्या दिशेने उडतात. मुख्य धावपट्टी बंद पडली की १४/३२ वर जावे लागते, आणि तिथे तासाचा आकडा पस्तिशीच्या आसपास येतो. ट्रॉम्बेची टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्राभोवतीचे निर्बंध त्या बाजूचे मार्ग आखडून टाकतात.

पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशा सहा तास बंद ठेवल्या जातात. १७ ऑक्टोबर २०२३ आणि ९ मे २०२४ ही त्यातली दोन उदाहरणे. या बंदने कधी हाहाकार होत नाही, कारण तो महिनोन्‌महिने आधी जाहीर होतो आणि वेळापत्रक त्याभोवती रचले जाते. सहा तासांचा ठरलेला बंद पचतो, दहा मिनिटांचा अचानक बंद पचत नाही. हे प्रकरण समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

४६ हा आकडा कसा जमतो

तासाला ४६ म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक हालचाल. उतरणारी आणि उडणारी विमाने आळीपाळीने सोडायची, तर एका उतरण्यापासून पुढच्या उतरण्यापर्यंत १५६ सेकंद मिळतात. अंतिम टप्प्यात विमानाचा वेग सरासरी १४० नॉट, म्हणजे तासाला १४० सागरी मैल, धरला, तर दोन उतरणाऱ्या विमानांत सुमारे ६ सागरी मैल अंतर लागते आणि मधल्या फटीत एक विमान उडवायचे. उतरलेले विमान ५० सेकंदांच्या आत धावपट्टीबाहेर पडले पाहिजे. उडणारे विमान मार्ग मोकळा होताच रेषेवर आले पाहिजे आणि परवानगी मिळताच निघाले पाहिजे. वैमानिकाने बाहेर पडण्याचा वळणमार्ग पाच सेकंद उशिरा ठरवला आणि पुढच्या वळणावर गेला, तर १५-२० सेकंद जातात. मागचा वैमानिक ‘केबिन अजून तयार नाही’ म्हणाला तर फट बंद होते आणि त्याच्यामागची सगळी रांग एक घर मागे सरकते.

त्यात विमानांची सरमिसळ. १३६ टनांपासून पुढची जड विमाने मागे हवेचे भोवरे सोडतात. जड विमानामागे मध्यम विमान असेल तर ५ सागरी मैल अंतर ठेवावे लागते, म्हणजे १४० नॉटला सुमारे १२९ सेकंद. सात टनांपर्यंतचे छोटे विमान असेल तर ६ मैल. मध्यमामागे मध्यम असेल तर ३ मैलांत, ७७ सेकंदांत, भागते. त्यामुळे रात्रीचा आखाती आणि युरोपीय विमानांचा गुच्छ आणि सकाळचा एअरबस ए३२० या मध्यम विमानांचा गुच्छ यांना एकच ‘४६’ लावणे मुळातच चुकीचे आहे. गुच्छात जड आणि हलकी एकाआड एक आली तर आकडा घसरतो. जड विमाने एकामागोमाग लावली तर तो सावरतो. नियंत्रक हे क्रम आयत्या वेळी बदलतातही, पण आधीच रांगेत असलेल्या विमानांतच त्यांना फिरवाफिरव करता येते.

लंडनच्या गॅटविकला एका धावपट्टीवर तासाला ५५ जाहीर आहेत, मग मुंबईला ४६ का जड जातात, हा युक्तिवाद नेहमी होतो. तुलना अर्धवट आहे. गॅटविकची धावपट्टी दुसरीला छेदत नाही आणि तिथली शिस्त वर्षानुवर्षांच्या सरावातून आली आहे. शिवाय विलंब गॅटविकलाही होतोच.

काठावरच्या रांगेचे गणित

समजा धावपट्टी सलग तासन्‌तास जास्तीत जास्त ४७ हालचाली पेलते. हा आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे. विमाने ठरल्या सेकंदाला येत नाहीत, थोडी विखुरलेली येतात. एका खिडकीच्या रांगेचे पाठ्यपुस्तकातले सूत्र लावले, तर ४६ वर प्रत्येक विमानाची सरासरी वाट पाहणी सुमारे २९ मिनिटे निघते. ४४ वर ती ९ मिनिटांच्या आसपास येते, ४२ वर साडेपाचच्या खाली. ४६ वरून ४४ वर येताना मागणी सुमारे ४.३ टक्के घटली आणि वाट पाहणी दोन तृतीयांश घटली. तीन तासांच्या गर्दीत रांग या स्थिर आकड्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे २९ मिनिटे शब्दशः घेऊ नयेत. वक्राचा आकार मात्र हाच.

दुसरा हिशेब अधिक रोजच्या कामाचा आहे. सकाळी साडेआठला पक्ष्याची धडक झाली आणि धावपट्टी तपासायला दहा मिनिटे बंद राहिली. आठ जागा गेल्या. नियंत्रकाने तासाला ४६ चा वेग टिकवला असे धरू.

जुन्या वेळापत्रकात गर्दीच्या तासाला ४६ चीच नोंद होती. अकरापर्यंत भरून निघणार शून्य. अकरानंतर ४४ ची नोंद, म्हणजे तासाला दोनची भरपाई, आणि आठ भरायला चार तास. दुपारचे तीन वाजतात. दोन तासांनी संध्याकाळची गर्दी सुरू होते, आणि मध्ये आणखी एखादे विमान न उतरता परत वर गेले तर उरलेली उसंतही संपते.

नव्या वेळापत्रकात पावणेनऊ ते अकरा या वेळात तासाला दोनने साधारण साडेचार जागा भरतात. उरलेल्या साडेतीन अकरानंतर तासाला चारने, म्हणजे बाराच्या आतबाहेर सगळे मार्गी. तासाला दोन विमाने कमी करून विमानतळाने हे तीन तास विकत घेतले.

या हिशेबात पुढच्या शहरांतला विलंब धरलेला नाही. एक ए३२० दिवसात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी मुंबईत गेलेली वीस मिनिटे दुपारी इंदूरला, संध्याकाळी कोचीला आणि रात्री परत मुंबईला दिसतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा गाठली गेली तर रात्रीची शेवटची फेरी रद्दच होते.

दोष कुणाचा

मंत्रालयाने तीन कारणे दिली: विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने अपुऱ्या अंतराने जास्त स्लॉट (उडण्या-उतरण्यासाठी नेमून दिलेल्या वेळा) वाटले, विमान कंपन्यांनी स्लॉट पाळले नाहीत, आणि गर्दीच्या वेळी वेळापत्रकाबाहेरची विमाने आली. कंपनीने स्वतःहून हालचाल करायला हवी होती, ती न केल्याने सरकारला मध्ये पडावे लागले, असेही पत्रकात स्पष्ट लिहिले होते. तिन्ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी कामाची विभागणी आहे. स्लॉट विमानतळ वाटतो, धावपट्टीची क्षमता आणि नियंत्रण प्राधिकरणाकडे, वेळेवरच्या कामगिरीचे मोजमाप डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि धोरण मंत्रालयाकडे. जादा स्लॉटचा महसूल एकाच्या खात्यात जातो आणि त्याने झालेल्या गर्दीचा ताण दुसऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये येतो.

स्लॉटच्या पद्धतीतच एक आडवळण आहे. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागते. एका हंगामात मिळालेली स्लॉटची मालिका ८० टक्के वापरली की पुढच्या वर्षी त्याच हंगामात ती आपोआप आपल्याकडे राहते. त्यामुळे अर्धी रिकामी फेरीही कंपनी सोडत नाही, आणि गर्दीच्या तासातला स्लॉट तर नाहीच नाही. अशा ठिकाणी कपात करायची म्हणजे कुणाच्या तरी हातातला हक्क काढून घ्यायचा. म्हणून सरकारला आदेशच काढावा लागला.

शिस्तीचे मोजमाप आणखी ढिले. ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत निघालेले विमान डीजीसीएच्या आकडेवारीत वेळेवर धरले जाते. प्रवाशासाठी ही मोजपट्टी ठीक आहे. धावपट्टीसाठी १५ मिनिटे म्हणजे ११ जागा. सगळी उड्डाणे ‘वेळेवर’ असूनही धावपट्टीवर गोंधळ असू शकतो, कारण काही १४ मिनिटे उशिरा आणि काही १० मिनिटे आधी येऊन एकाच पाव तासात जमतात.

आधी येण्याचा प्रश्न दिसत नाही, पण तो मोठा आहे. दिल्ली-मुंबई हे सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. हवेत पावणेदोन तासांपेक्षा जास्त लागू नयेत, तरी तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लिहिलेला असतो. गेल्या हंगामातला विलंब पाहून कंपनी पुढच्या हंगामात मिनिटे वाढवते, मग कामगिरीचा आकडा सुधारतो. ज्या दिवशी सगळे सुरळीत असते त्या दिवशी हेच विमान वीस मिनिटे आधी मुंबईच्या आकाशात हजर होते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फटीत घुसते. पार्किंगची जागाही तेव्हा मोकळी झालेली नसते.

पार्किंगच्या जागेकडे फार कमी लोक बघतात. जानेवारी २०२४ च्या मध्यावर दिल्लीतल्या धुक्यामुळे गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान मुंबईला वळवले गेले आणि प्रवासी उतरून विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवतानाची चित्रफीत देशभर फिरली. नियामकांनी विमान कंपनी आणि विमानतळ दोघांनाही दंड केला. धावपट्टीवर जागा मिळाली म्हणजे एअरोब्रिज मिळाला असे नाही. वेळापत्रक बनवताना धावपट्टी, पार्किंग, टर्मिनलमधली सुरक्षा तपासणी अशा तीन-चार क्षमता असतात, आणि त्यातली सर्वांत लहान खरी.

खासगी विमानांचा मुद्दा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत उशिरा सुटलेला. सहा माणसे घेऊन आलेले जेट १८० माणसांच्या ए३२० इतकीच जागा खाते, कधी जास्तच. १४ सप्टेंबर २०२३ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट धावपट्टी २७ वर उतरताना घसरून मोडले. धावपट्टी दीड तासाहून अधिक बंद राहिली, आणि नंतर ज्या वेळा गर्दीच्या म्हणून ठरल्या त्यातल्याच एकीत. जुहूची धावपट्टी जेटला पुरत नाही, त्यामुळे या विमानांना वेळ बदलणे किंवा दुसरे शहर गाठणे एवढेच उरते.

तास पुरेसा बारीक नाही

आदेशात मर्यादा तासाची आहे. खरा घोळ तासाच्या आत होतो. कंपन्यांना आठ वाजता, आठ पाचला, साडेआठला उड्डाण हवे असते, ८:२३ कुणालाच नको. आठ ते सव्वाआठमध्ये १५ हालचाली आणि पुढच्या तीन पाव तासांत १०, १० आणि ९ असे वाटप केले तर बेरीज ४४ भरते आणि नियम पाळला जातो. पण धावपट्टी पाव तासात साडेअकराच पेलते. पहिल्या पाव तासाअखेर साडेतीन विमाने रांगेत राहतात, दुसऱ्याअखेर दोन, तिसऱ्याअखेर अर्धे. पावणेनऊपर्यंत रांग हटत नाही, आणि तोवर कुणी परत वर गेले तर नऊचा गुच्छ तिच्यावर आदळतो.

उपाय असा. तासाच्या मर्यादेखाली १५ मिनिटांची मर्यादा लावायची, ४४ साठी ११, फार तर १२. तिच्याखाली ५ मिनिटांची, ४. उतरणे आणि उडणे यांना वेगळी मर्यादा, कारण सलग आठ उतरणी आली तर आळीपाळीचा फायदा जातो. आणि हे सगळे घड्याळाच्या तासाने मोजायचे नाही, सरकत्या तासाने मोजायचे: ८:०० ते ९:००, मग ८:०५ ते ९:०५, मग ८:१०. स्लॉट समन्वयकाच्या प्रणालीत ही तपासणी आपोआप होते, फक्त मर्यादा भरून ठेवायला हव्यात. बहुतेक उड्डाणे पाच-दहा मिनिटेच सरकवावी लागतात. प्रवाशाला फरक पडत नाही, रांगेला पडतो.

गणिताने हे मांडणारे एक साधे प्रारूप नियोजनात वापरतात: प्रत्येक उड्डाणाच्या मागितलेल्या वेळेपासूनच्या सरकण्याची बेरीज कमीत कमी ठेवा. अटी तीन: कोणत्याही सरकत्या खिडकीत मर्यादा ओलांडू नये, एकाच विमानाच्या येण्या-जाण्यात किमान ३० ते ३५ मिनिटांचा टर्नअराउंड राहावा, आणि जुने हक्क तुटू नयेत. शेवटची अट सर्वांत महाग पडते, आणि तिचा खर्च कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

वाट कुठे पाहायची

आता धुराकडे. मंत्रालयाच्या पत्रकात विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळते असे धरले आहे. ४० मिनिटांच्या घिरट्यांना १.७ किलोलिटर, सुमारे १.८ लाख रुपये. तासाभराला २.५ किलोलिटर, २.६ लाख. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका विमानाच्या तासाभराच्या घिरट्यांतून ६.३ टन.

पण तीच मिनिटे दुसरीकडे काढली तर? पंधरा मिनिटांचा विलंब हवेत काढला तर ५०० किलो इंधन, दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. टॅक्सी-वेवर दोन्ही इंजिने चालू ठेवून काढला तर मिनिटाला १२ किलोच्या हिशेबाने १८० किलो. पार्किंगमध्ये शेपटीतल्या छोट्या इंजिनावर काढला तर ३० किलोच्या आसपास. एअरोब्रिजची वीज आणि वातानुकूलन जोडले असेल तर विमानातून जवळजवळ काहीच नाही. विलंब तेवढाच, धूर वेगवेगळा. म्हणून वेळापत्रकातली कपात हे अर्धेच काम. उरलेला विलंब मुंबईच्या आकाशातून उचलून दिल्लीच्या पार्किंगमध्ये नेणे हे उरलेले अर्धे.

त्यासाठी प्राधिकरणाचा केंद्रीय प्रवाह नियंत्रण कक्ष आहे. मुंबईत जागा नाही हे दिसले की निघणाऱ्या विमानतळाला उड्डाणाची मोजून दिलेली वेळ पाठवली जाते. ती पाळायची खिडकी साधारण पाच मिनिटे आधी ते दहा मिनिटे नंतर अशी असते. मुंबईतून निघणाऱ्यांसाठी विमानतळाची सामायिक निर्णयप्रणाली इंजिन सुरू करण्याची वेळ ठरवते, म्हणजे दहा विमाने एकदम पुशबॅक करून, म्हणजे पार्किंगमधून मागे ढकलून निघून, रांगेत उभी राहत नाहीत.

हे बिघडते ते खालच्या कारणांनी. कंपनीचा जमिनीवरचा कर्मचारी ‘तयार’ची वेळ भरतो तेव्हा इंधनाचा बाउझर अजून लागलेला असतो. न आलेल्या प्रवाशाचे सामान शोधून उतरवायचे असते, लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, शेवटच्या क्षणी बदलते, विमान मागे ढकलणारा टग दुसऱ्या विमानाला लागलेला असतो. तयार वेळ खोटी भरली की मिळालेली जागा वाया जाते, आणि ती दुसऱ्याला देण्याइतका अवधी उरलेला नसतो. लांबून येणारे आंतरराष्ट्रीय विमान तर आधीच हवेत असते. त्याला जमिनीवर थांबवता येत नाही, त्यामुळे थांबण्याचा सगळा भार देशांतर्गत उड्डाणांवर पडतो.

अंदाज न येण्याचा एक छुपा धूरही आहे. मुंबईत अर्धा तास फिरावे लागेल असे वाटले की वैमानिक टनभर जादा इंधन घेऊन निघतो. ते वाहून नेण्यातच दर तासाला त्या वजनाचे साधारण अडीच ते चार टक्के जळते. घिरट्या घालाव्या लागल्या नाहीत तरी.

हिशेब अजून पूर्ण नाही

कपातीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये परिस्थिती सुधारलेली दिसली तर सगळे श्रेय ४४ ला देणे घाईचे ठरेल. त्याच काळात उत्तरेतले धुके ओसरते आणि मुंबईवरचा उसना विलंब आपोआप घटतो. खरी तुलना एकाच महिन्याची, दोन वर्षांतली, आणि पावसाचे दिवस वेगळे काढून करायला हवी. मोजायचे काय तर वेळेवरची टक्केवारी नको. प्रत्येक विमानाची शेवटच्या ४० सागरी मैलांतली जादा मिनिटे, पुशबॅकपासून उड्डाणापर्यंतची जादा मिनिटे आणि धावपट्टीबाहेर पडायला लागलेले सेकंद, हे तिन्ही आकडे रडारच्या नोंदींतून काढता येतात.

कपातीचा तोटाही आहे, आणि तो महाराष्ट्रालाच लागतो. जागा कमी झाल्या की कंपनी ७८ आसनांच्या एटीआरपेक्षा २३२ आसनांच्या ए३२१ ला ती देते. प्रति प्रवासी धूर कमी होतो हे खरे. पण कोल्हापूर, जळगाव, नांदेडसारख्या शहरांना मुंबईचा सकाळचा स्लॉट मिळणे आधीच दुरापास्त होते, ते आणखी अवघड होते. गोव्याच्या दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना मिळत नाहीत आणि पुण्याच्या लोहगावला हवाई दलाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. त्यामुळे ही उड्डाणेही मुंबईच्या त्याच मोजक्या तासांत येऊन गर्दी करतात.

नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. आता तरी सांताक्रूझचे जुने विमानतळ मोकळे होईल, अशी सहज समजूत आहे. दोन्ही विमानतळ आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांची येण्या-जाण्याची वाट एकत्रच आखावी लागते, आणि एकाच्या गर्दीचा परिणाम दुसऱ्यावर होतो. सांताक्रूझहून एखादी फेरी तिकडे गेली तर रिकामी झालेली जागा लगेच दुसऱ्या कंपनीला वाटायची की ४४ च्या खाली उसंत म्हणून राखायची, हे प्रत्येक हंगामाच्या स्लॉट बैठकीत ठरेल. वाटली गेली तर सकाळी साडेआठच्या पक्ष्याचा हिशेब पुन्हा दुपारी तीनपर्यंत लांबेल.